पॅकेजला जामीन कोण?

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण थांबा. यात तीन वर्षं शिजवलेला घरफोडीचा कट आहे, आणि लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून अस्वस्थ झालेला एक माणूस आहे. तिथपर्यंत पोचायला आपल्याला जरा लांबून यावं लागेल.

विषय आहे सॉफ्टवेअरचं पॅकेज. तुमच्यापैकी जे लिनक्स वापरतात त्यांना हे रोजचं आहे. टर्मिनल उघडायचं, "ॲप्ट इन्स्टॉल" आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव लिहायचं, पासवर्ड द्यायचा, एंटर मारायचा. दहा-पंधरा सेकंदांत काम झालेलं असतं. तो पासवर्ड आपण देतो ना, त्याचा अर्थ कधी नीट विचारात घेतला आहे का? पॅकेज बसवताना त्याच्या आतल्या काही छोट्या स्क्रिप्ट्स रूटच्या अधिकारानं चालतात. म्हणजे पाहुण्याला घराची चावी दिली एवढंच नाही, सातबारासुद्धा हातात ठेवला. आणि पाहुणा कोण? ज्याचं तोंड आपण कधी पाहिलेलं नाही असा.

मग हे तीसेक वर्षं चाललंय कसं? माझं म्हणणं असं आहे की पॅकेजिंगचा इतिहास हा फाईली डब्यात भरण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो, पण खरं तर तो जामीनदारांचा इतिहास आहे. लिहिणारा एक, वापरणारा दुसरा, आणि मध्ये उभा राहून "हे मी तपासलंय, माझ्या सहीवर घे" असं म्हणणारा तिसरा. आज त्या तिसऱ्याबद्दल बोलू.

घरभर पसरलेलं सामान

पॅकेज नव्हतं तेव्हा टारबॉल होता. टार म्हणजे टेप आर्काइव्ह. नावातच चुंबकीय फीत आहे. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही आज्ञा आली. पुष्कळ फाईली एकामागोमाग जोडून एकच लांब फाईल करायची, एवढंच तिचं काम. प्रोग्रॅम हवा असेल तर टारबॉल आणायचा, उलगडायचा, आतली मेकफाईल आपल्या मशीनप्रमाणे दुरुस्त करायची, कंपाइल करायचं, आणि शेवटी "मेक इन्स्टॉल".

गोची होती ती या शेवटच्या पायरीत. मेक इन्स्टॉल सामान घरभर टाकायचं. चालणारा प्रोग्रॅम "बिन" नावाच्या फोल्डरमध्ये, लायब्ररी "लिब"मध्ये, माहितीपानं "मॅन"मध्ये, सेटिंगची फाईल "ईटीसी"मध्ये. कुठे काय ठेवलं याची नोंद कोणीच ठेवायचं नाही. सहा महिन्यांनी तो प्रोग्रॅम नकोसा झाला, तर काढायचा कसा? लेखकानं "मेक अनइन्स्टॉल" लिहिलं असेल तर नशीब. नाहीतर आठवेल ते पुसा आणि उरलेलं तसंच पडू द्या. नवी आवृत्ती जुनीवरच चढवायची, मग अर्ध्या फाईली नव्या नि अर्ध्या जुन्या.

विद्यापीठात एका मशीनमागे एक जाणकार ॲडमिन होता तोवर हे खपून गेलं. 1991 मध्ये लिनक्स आलं आणि घरच्या पीसीवर युनिक्ससारखी सिस्टिम चालवायची हौस असलेल्या पोरांच्या हातात ते पडलं. लिनक्स म्हणजे नुसता कर्नल. बाकी सगळं, शेल, कंपायलर, एडिटर, इकडून-तिकडून गोळा करायचं. ते गोळा करून देणारे संच निघाले, त्यांना डिस्ट्रिब्यूशन म्हणू लागले. 1992 मध्ये पीटर मॅकडोनाल्डनं काढलेला एसएलएस हा त्यातला तेव्हा गाजलेला. फ्लॉपींची चळतच्या चळत. लोक वापरायचे आणि शिव्याही द्यायचे, कारण त्यात चुका फार होत्या आणि त्या दुरुस्त होत नव्हत्या.

एसएलएसच्या चिडीतून दोन गोष्टी जन्मल्या, त्याही महिन्याभराच्या अंतरानं. जुलै 1993 मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंगचं स्लॅकवेअर, जे एसएलएसच दुरुस्त करत करत तयार झालं होतं. आणि 16 ऑगस्ट 1993 ला इयान मर्डॉक नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकत असताना, जाहीर केलेलं डेबियन. मैत्रिणीचं नाव डेब्रा, आपलं इयान, दोन्ही जोडून डेबियन. (पुढे त्यांचं लग्न झालं आणि नंतर घटस्फोटही. नाव मात्र राहिलं.)

स्लॅकवेअरनं पहिला प्रश्न सोडवला. पॅकेज म्हणजे टारबॉलच, पण बसवताना कुठली फाईल कुठे गेली याची यादी मशीनवर ठेवायची. काढताना ती यादी बघून काढायचं. साधं, स्वच्छ. अवलंबित्व, म्हणजे हा प्रोग्रॅम चालायला दुसरं काय लागतं, ते मात्र स्लॅकवेअरचं पॅकेज तुम्हाला सांगत नाही. आजही नाही. तुम्ही बघून घ्या. ही त्यांची उणीव नसून भूमिका आहे, आणि तिला धरून बसलेले भक्त आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये.

माल आणि बिल्टी

मर्डॉकच्या डोक्यात वेगळं होतं. त्याला एका माणसानं सगळं सांभाळायचं हे मॉडेलच नको होतं. जानेवारी 1994 च्या त्याच्या जाहीरनाम्यात हे आहे: डिस्ट्रिब्यूशन बांधणं हे कामच मुळात दुर्लक्षित आहे, आणि ते अनेकांनी मिळून, उघडपणे करायला हवं.

आता अनेकांनी मिळून करायचं म्हटलं की तांत्रिक अडचण लगेच समोर येते. एक माणूस एडिटर तयार करून देणार, दुसरा कंपायलर, तिसरा मेलचा प्रोग्रॅम. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत, वेगवेगळ्या देशांत बसलेत. तिघांचं काम एका मशीनवर एकमेकांच्या पायात न येता बसलं पाहिजे. म्हणजे नुसता माल पाठवून भागणार नाही, मालाबरोबर कागदपत्रं लागतील.

यासाठी डीपीकेजी आलं. आधी शेल स्क्रिप्ट, मग पर्लमध्ये, आणि 1994 मध्येच इयान जॅक्सननं त्याचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला. हा दुसरा इयान बरं का, इंग्लंडचा. दोन इयान लक्षात ठेवा, कारण जॅक्सन शेवटी परत येणार आहे.

डेबियनची पॅकेज फाईल, जिला डेब म्हणतात, ती उघडून बघण्यासारखी आहे. बाहेरचं वेष्टण आहे "एआर" नावाचं, आणि ते टारहूनही जुनं, 1971 च्या पहिल्या युनिक्सपासूनचं. आत फक्त तीन गोष्टी. एक इवलीशी मजकूर फाईल, जिच्यात "2.0" लिहिलेलं असतं, हा फॉरमॅटचा क्रमांक. मग दोन टारबॉल. एकात डेटा, म्हणजे माल, जसाच्या तसा ज्या जागी जायचा त्या जागेसकट. दुसऱ्यात कंट्रोल, म्हणजे कागदपत्रं. ट्रकमधला माल आणि ड्रायव्हरच्या हातातली बिल्टी, असं समजा.

सगळी मजा बिल्टीत आहे. पॅकेजचं नाव, आवृत्ती, कुठल्या प्रोसेसरसाठी. कशावर अवलंबून आहे, कशाशी पटत नाही, काय सोबत असलं तर बरं. बसण्यापूर्वी, बसल्यानंतर, काढण्यापूर्वी, काढल्यानंतर चालायच्या चार स्क्रिप्ट्स. सेटिंगच्या फाईलींची वेगळी यादी, कारण तुम्ही तुमच्या हातानं सेटिंग बदललं असेल तर नवी आवृत्ती ते गुपचूप पुसत नाही, विचारते. हे विचारणं आपल्याला त्रासदायक वाटतं, पण ज्यांनी त्याआधीचे दिवस काढले त्यांना ते सौजन्य वाटायचं.

आणि एक ओळ असते "मेंटेनर". तिथे माणसाचं किंवा गटाचं नाव आणि ईमेल. हा प्रोग्रॅम लिहिणारा नव्हे, तो डेबियनमध्ये आणणारा, त्याच्यासाठी जबाबदार. हाच आपला जामीनदार.

अवलंबित्वाची एक गंमत सांगतो. काही पॅकेजं खरी नसतातच. मेल पोचवणारा प्रोग्रॅम हवा, कुठलाही चालेल, असं म्हणायचं असेल तर "मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट" या काल्पनिक पॅकेजवर अवलंबून राहायचं, एक्झिम, पोस्टफिक्स वगैरे जे कोणी असेल ते म्हणतं, "मी ते काम करतो." याउलट काही पॅकेजं रिकामी असतात, त्यांत नुसती बिल्टी. डेबियनमध्ये "टास्क-मराठी-डेस्कटॉप" नावाचं एक पॅकेज आहे. ते उघडलं तर त्यात मराठी असं काहीच सापडत नाही. मराठी वापरणाऱ्याच्या मशीनवर आणखी कोणती पॅकेजं असावीत, त्यांची यादी एवढंच त्याचं अस्तित्व. कोणीतरी बसून ती यादी केली, म्हणून मशीन बसवताना भाषा मराठी निवडली की पुढचं आपोआप होतं.

आवृत्तीच्या क्रमांकाचंही असंच शास्त्र आहे. "2.3-4" म्हणजे मूळ लेखकाची 2.3, आणि त्यावर डेबियनच्या मेंटेनरनं केलेली चौथी फेरी. त्या एका आडव्या रेघेत सगळं आलं: डावीकडे लिहिणारा, उजवीकडे जामीन. आणि नियम असा की क्रमांक पुढेच जातो. मशीन मोठा क्रमांक म्हणजे नवा असं समजतं. हे ध्यानात ठेवा, शेवटी कामाला येईल.

इकडे 1995 मध्ये रेड हॅटचं आरपीएम आलं, मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांचं. त्यावर स्वतंत्र भाग होईल, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. आधीच्या काही प्रयत्नांतून त्यांनी एक तत्त्व उचललं: मूळ लेखकाचा टारबॉल जसाच्या तसा ठेवायचा, त्यात काही मिसळायचं नाही, आणि आपण केलेले बदल वेगळ्या पॅच फाईलींत दाखवायचे. म्हणजे कोणालाही बघता येईल की लेखकाचं किती आणि मधल्या माणसाचं किती. मला हे तत्त्व त्या काळातल्या कुठल्याही हुशार कोडपेक्षा मोलाचं वाटतं. यात एक गृहीतक मात्र लपलेलं होतं: लेखकाचा टारबॉल म्हणजे मूळ, शुद्ध वस्तू. त्यावर शंका घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं.

अवलंबित्वानं पुढे लोकांचा जीव काढला. अ ला ब हवं, ब ला क हवं, क बसत नाही कारण ड आडवं येतंय. आरपीएमवाले एकेक फाईल नेटवर शोधत बसायचे. डेबियननं मार्च 1999 मध्ये, 2.1 या आवृत्तीबरोबर ॲप्ट दिलं, जे ही साखळी स्वतः सोडवतं नि सगळं आणून बसवतं. आरपीएमच्या दुनियेत हे काम करणारं यम अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात घडलं. हा प्रश्न सोपा नाही हे नंतर सिद्धही झालं: युरोपातल्या संशोधकांनी 2006 च्या सुमारास दाखवलं की "हे पॅकेज बसू शकेल का?" हा प्रश्न एनपी-कम्प्लीट वर्गातला आहे. म्हणजे सर्वसाधारण उदाहरणात तो पटकन सोडवण्याची हमी देणारी रीत कोणाला माहीत नाही. तरी रोज आपल्या मशीनवर तो काही सेकंदांत सुटतो. कारण मेंटेनर लोक आपल्या बिल्ट्या नीट लिहितात, गुंता मुळातच कमी ठेवतात.

सही कोणाची

ॲप्टनं सोय केली, पण एक भोक ठेवलं. पॅकेज आणायचं ते जगभरातल्या मिरर सर्व्हरवरून. त्या सर्व्हरवर कोणी पॅकेज बदललं तर? मेंटेनर डेबियनकडे पॅकेज पाठवताना त्यावर आपली डिजिटल सही करायचा. ती सही तुमच्यापर्यंत पोचत नव्हती. तुमच्या मशीननं आपण होऊन सही तपासायला सुरुवात केली ती एप्रिल 2007 च्या "एच" या आवृत्तीपासून. 1999 ते 2007, आठ वर्षं आपण सगळे बिनधास्त रूटचा पासवर्ड देत होतो. आता रचना अशी आहे: एक "रिलीज" फाईल, तिच्यावर डेबियनची सही. तिच्यात पॅकेजांच्या यादीचा ठसा, आणि त्या यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा. एक अक्षर बदललं तरी साखळी तुटते.

आणि मेंटेनरच्या सहीला अर्थ कुठून येतो? इथे मला डेबियनचं फार कौतुक वाटतं. डेव्हलपर व्हायचं तर तुमच्या चावीवर आधीच्या डेव्हलपरची सही लागते, आणि ती सही करण्यापूर्वी त्यानं तुम्हाला प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र बघावं अशी रीत पडली. संमेलनांत लोक रांगेत उभे राहून एकमेकांचे पासपोर्ट तपासतात, कागदावरचे आकडे जुळवतात. सप्टेंबर 2023 मध्ये डेबियनचं वार्षिक संमेलन कोचीला झालं, म्हणजे आपल्याकडच्या लोकांनाही परदेशी न जाता अशी भेट शक्य झाली. एवढी डिजिटल व्यवस्था, आणि तिच्या बुडाशी माणसानं माणसाला भेटणं.

पण भेटून काय कळतं? माणूस खरा आहे एवढं. तो चुकणार नाही, हे नाही कळत.

2006 मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या पॅकेजच्या मेंटेनरकडे तक्रार आली. व्हॅलग्रिंड नावाचं एक साधन आहे, प्रोग्रॅम न भरलेली मेमरी वापरतोय का हे ते पकडतं. ओपनएसएसएलवर ते सारखं ओरडत होतं. मेंटेनरनं दोन ओळी शोधल्या, मूळ प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर विचारलं, "डिबगिंगला मदत होत असेल तर काढा" अशा अर्थाचं उत्तरही मिळालं. ओळी काढल्या. व्हॅलग्रिंड गप्प झालं. सप्टेंबर 2006 मध्ये पॅकेज रवाना.

त्या दोन ओळींतली एक खरोखर बिनकामाची होती. दुसरी मात्र चावी तयार करताना लागणारी यादृच्छिकता, म्हणजे रँडमपणा, आत ओतत होती. ती गेल्यावर उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त 32 हजारांच्या आसपास जातो. म्हणजे अब्जावधींचा अब्जांनी गुणाकार करावा इतक्या शक्यता असायला हव्यात तिथे एका प्रकारच्या मशीनवर एका मापाच्या जेमतेम 32 हजार चाव्या. त्या सगळ्या कोणीही आधीच बनवून ठेवू शकतं.

हे वीस महिने कोणाला कळलं नाही. डेबियनच्याच लुचानो बेलो या डेव्हलपरला ते सापडलं आणि 13 मे 2008 ला जाहीर झालं. डेबियनवरून आलेल्या उबुंटूलाही तोच फटका. चावी डेबियनवर बनवून दुसरीकडे वापरली असेल तर ते मशीनही उघडं. जगभर चाव्या बदलण्याची धांदल उडाली. उपायाचा एक भाग पाहा: कमकुवत चाव्यांची यादी केली गेली आणि तीही "ओपनएसएसएच-ब्लॅकलिस्ट" नावाचं पॅकेज करून वाटली. रोग ज्या रस्त्यानं आला त्याच रस्त्यानं औषध.

त्यानंतर मेंटेनरला लोकांनी फाडून खाल्लं. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यानं विचारलं होतं. ज्यांनी उत्तर दिलं त्यांनी प्रश्न नीट वाचला नाही. आणि त्याचा बदल उघड पॅचमध्ये होता, कोणालाही वाचता येत होता. वीस महिने कोणी वाचला नाही. पण एक धडा सगळ्यांनी घेतला: मूळ लेखकाच्या कोडला मधल्या माणसानं शक्यतो हात लावू नये. लेखक म्हणतो ते खरं. हा धडा अर्धाच बरोबर होता.

तिथे जाण्याआधी पटकन एक वळसा. याच काळात मधला माणूस नकोच म्हणणारी दुनियाही वाढली. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये लेखक स्वतःच पॅकेज चढवतो, मध्ये तपासणारा कोणी नाही. 22 मार्च 2016 ला एका लेखकानं नावावरून झालेल्या भांडणात आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात "लेफ्ट-पॅड" होतं, मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं, 11 ओळींचं. त्यावर इतकं काही टेकलेलं होतं की हजारो प्रकल्पांचं बांधकाम थांबलं. डेबियनवाले हसले असतील. आठ वर्षांनी त्यांची पाळी आली.

अर्धा सेकंद

एक्सझेड ही फाईली दाबून लहान करणारी लायब्ररी. सगळीकडे असते, डेबची आणि आरपीएमची पॅकेजं दाबायलासुद्धा ती वापरतात. वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा एक फिनिश माणूस ती फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. 2021 च्या शेवटी "जिया तान" नावानं कोणीतरी छोट्या दुरुस्त्या पाठवू लागलं. काम चांगलं. 2022 मध्ये इतर काही नावांनी मेलिंग लिस्टवर कॉलिनला टोचायला सुरुवात केली: प्रकल्प मंदावलाय, कोणालातरी सोबत घे. ती नावं त्याआधी कुठे दिसली नव्हती, त्यानंतरही नाहीत. जिया तानकडे हळूहळू अधिकार आले. 2023 पर्यंत आवृत्त्या काढण्याचं कामही त्याच नावाकडे.

24 फेब्रुवारी 2024 ला 5.6.0 निघाली, मार्चमध्ये 5.6.1. आत चोरदरवाजा होता. आता तो कुठे होता ते ऐका, कारण आजच्या भागाची गाठ इथेच आहे.

चाचणीच्या फाईलींत, बिघडलेल्या नमुन्याच्या नावाखाली, दाबलेलं विषारी कोड ठेवलं होतं. ते नुसतं पडून होतं. त्याला जागं करणारी बिल्ड स्क्रिप्टमधली ओळ मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच्या गिट भांडारात नव्हतीच. ती फक्त रिलीज टारबॉलमध्ये होती. आरपीएमवाल्यांनी ज्याला शुद्ध मूळ मानलं, डेबियनवाले जिथून बांधायला घेतात, तीच वस्तू. गिटमध्ये कोड वाचणाऱ्याला काही दिसणार नाही, आणि टारबॉल सहसा कोणी वाचत नाही. त्यावर लेखकाची सही होती. सही खरी होती.

आणि ती स्क्रिप्ट आधी बघायची: आपण 64-बिट इंटेल प्रकारच्या लिनक्सवर आहोत का? आणि आत्ता डेबचं किंवा आरपीएमचं पॅकेज बांधलं जातंय का? नसेल तर गप्प. म्हणजे एखाद्या जिज्ञासूनं स्वतः घरी कंपाइल करून तपासलं तर स्वच्छ. विष फक्त मेंटेनरच्या हातून जाताना मिसळायचं. लक्ष्य होतं दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणारा एसएसएच सर्व्हर. मूळ ओपनएसएसएच एक्सझेडला हातही लावत नाही. डेबियन, फेडोरा वगैरेंनी त्यात सिस्टिमडीशी बोलण्याचा पॅच घातला होता, त्या वाटेनं एक्सझेड आत यायचं. मधल्या माणसांच्या सोयीचा एक टाका, आणि बरोबर त्याच टाक्यातून सुई.

पुढचं निव्वळ योगायोग म्हणा. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. त्याच्याकडे डेबियन सिड होतं, म्हणजे डेबियनचं कायम कच्चं राहणारं रूप. (डेबियनच्या आवृत्त्यांना टॉय स्टोरीतल्या पात्रांची नावं असतात, कारण सुरुवातीचे एक प्रमुख, ब्रूस पेरेन्स, पिक्सारमध्ये होते. सिड म्हणजे खेळणी मोडणारा तो शेजारचा मुलगा.) फ्रॉइंड काही वेगळंच मोजत होता. मशीन शांत हवं होतं, पण एसएसएच विनाकारण प्रोसेसर खातंय, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. त्याला आणखी काही आठवलं: थोड्या आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या चाचण्यांत, पॅकेजं अपडेट झाल्यावर, व्हॅलग्रिंडनं विचित्र तक्रार केली होती.

तेच व्हॅलग्रिंड. 2006 मध्ये त्याला गप्प करायला गेले आणि दार उघडं राहिलं. 2024 मध्ये त्यानं तोंड उघडलं, आणि ऐकणारा भेटला. (5.6.1 काढण्यामागे ही व्हॅलग्रिंडची कुरकुर दडपणं हाही एक हेतू होता.)

29 मार्च 2024 ला फ्रॉइंडनं सगळं जाहीर केलं. सुदैवानं विष डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत पोचलं नव्हतं. सिड आणि टेस्टिंग, फेडोराची चाचणी रूपं, अशा ठिकाणीच होतं. जिया तान कोण, हे आजवर उघडपणे सिद्ध झालेलं नाही. कोणी त्याला भेटलेलं नव्हतं. भेटायची अट डेबियनच्या मेंटेनरला होती, लेखकाला कोण घालणार?

डेबियननं तातडीनं जुनी 5.4.5 परत आणली. पण मघाशी म्हटलं तसं, क्रमांक मागे जात नाही, 5.4.5 असं नाव दिलं असतं तर ज्यांच्याकडे 5.6.1 आहे त्यांच्या मशीननं ती जुनी म्हणून नाकारली असती. म्हणून त्या पॅकेजचा क्रमांक होता "5.6.1+रिअली5.4.5-1". म्हणायला 5.6.1, पण खरं म्हणजे 5.4.5. डेबियनच्या इतिहासातली एवढी मोठी घटना, आणि तिची नोंद आवृत्तीच्या क्रमांकात "खरंच" या एका शब्दानं झालेली आहे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डेबियनमध्ये एक लांबलचक वाद रंगला. शॉन व्हिटन आणि आपले दुसरे इयान, इयान जॅक्सन, यांनी मांडलेली "टॅग-टू-अपलोड" नावाची व्यवस्था हा विषय. मेंटेनरनं टारबॉलवर सही करायची नाही. गिटमधल्या नेमक्या स्थितीवर सही करून खूण ठेवायची, आणि पुढचं सोर्स पॅकेज डेबियनच्या सर्व्हरनं त्यातूनच बांधायचं. म्हणजे लोक जे वाचतात आणि जे बांधलं जातं, ते एकच. संग्रह सांभाळणाऱ्या गटाचा आक्षेप होता की मग अंतिम पॅकेजवर सही यंत्राची राहील, माणसाची नाही. आम्हाला जामीन माणूस हवा. जॅक्सनचं म्हणणं, माणसाची सही तर आहेच, फक्त ती माणूस खरोखर जे वाचतो त्यावर आहे. दोन्ही बाजू वाचण्यासारख्या आहेत. मी जॅक्सनच्या बाजूनं झुकतो, पण संग्रहवाल्यांची भीती मला हास्यास्पद वाटत नाही.

तर मंडळी, आज इथेच थांबू. आरपीएमचा भाग पुढच्या वेळी, आणि स्लॅकवेअरवाल्यांनी पत्रं जपून लिहावीत. नमस्कार.